डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज आणि डिझेलचा खरा हिशोब

राजापूर तालुक्यात ज्यांचा कारोबार चाकांवर चालतो अशा आपल्या बांधवांची संख्या लहान नाही. साखरीनाट्याची मासळी, हंगामातील हापूसच्या पेट्या, काजू, जांभा चिरा, बेकरीचा माल, फर्निचर, सगळे कोणत्या ना कोणत्या पिकअपमधून नाही तर 'छोट्या हत्ती'तून जाते. या धंद्यात नफ्याची बाजू आधीच बारीक असते आणि तिचा मोठा भाग डिझेल खाते. म्हणून गाडी लिटरला किती देते, हा प्रश्न भाडे ठरविताना पहिला येतो.

पूर्वी याचे उत्तर ड्रायव्हरच्या डायरीत आणि पंपाच्या पावत्यांत असे. आता ते स्टिअरिंगच्या मागे काचेवर उमटते. १४.२ असा आकडा दिसतो, दशांश चिन्हासकट, आणि दशांश चिन्ह दिसले की माणसाचा विश्वास बसतो. मालक तो आकडा पाहतो, महिन्याचे किलोमीटर त्याने भागतो आणि पंपाच्या बिलाशी ताडून बघतो. बिल जास्त निघते. मग पहिला शक कोणावर जातो हे आम्ही सांगायला नको. डिझेल काढून विकल्याचा आळ ड्रायव्हरवर येतो, बोलाचाली होते, वर्षानुवर्षे इमानाने गाडी चालविणारा माणूस काम सोडून जातो. काही वेळा आळ खराही असतो. परंतु तो खरा की खोटा हे ठरविण्याआधी काचेवरचा आकडा मुळात कसा तयार होतो, हे मालकाने समजून घेतले पाहिजे. आजचा लेख त्याकरिता आहे.

आकडा येतो कुठून

पुष्कळांची समजूत अशी की टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पाण्याच्या मीटरसारखे एखादे मीटर बसविलेले असते. आपल्या वापरातील गाड्यांत तसे काही नसते. इंजिनाचा कंट्रोलर (गॅरेजवाले ज्याला ईसीएम म्हणतात) इंजेक्टरला किती वेळ उघडायचे ते ठरवितो. एका उघडझापीत, अमुक दाबाला, इतके इंधन जाईल असे कोष्टक त्याच्यात कारखान्यातूनच भरलेले असते. त्या कोष्टकावरून तो इंधनाची बेरीज करीत जातो. दुसरीकडे चाकाच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजून अंतर काढतो. अंतराला इंधनाने भागले की काचेवर ॲव्हरेज उमटते.

म्हणजे जे इंधन जाणार असे कंट्रोलरला वाटते, त्याचा तो हिशोब आहे. प्रत्यक्ष किती गेले ते त्याने मापलेले नाही. दुकानात नोकराने प्रत्येक गिऱ्हाइकाला तेल मापून न देता अंदाजाने ओतावे आणि संध्याकाळी वहीत मात्र "इतके किलो गेले" असे लिहावे, तसा प्रकार. नोकर अनुभवी असेल तर वही बरीच जुळेल, पण डब्यातले तेल मोजल्याशिवाय तिच्यावर सही करणे शहाणपणाचे नाही.

गाडी नवी असताना हे कोष्टक बऱ्यापैकी जुळते. पुढे इंजेक्टर झिजतो, त्याची परतीची गळती वाढते, फवारा बिघडतो. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हल्लीच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांच्या अनेक इंजेक्टरांवर एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. तो इंजेक्टर नेमके किती कमीजास्त सोडतो, ते त्या क्रमांकात असते. इंजेक्टर बदलल्यावर हा क्रमांक स्कॅनरने कंट्रोलरला द्यावा लागतो. घाईत तो दिला नाही तरी गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण त्या दिवसापासून कंट्रोलर जुन्या इंजेक्टरच्या हिशोबाने नव्याची वही लिहीत असतो. इंजिनाचा आवाज बदलतो, धूर वाढू शकतो आणि ॲव्हरेजचा आकडाही भरवशाचा राहत नाही. स्कॅनर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून एवढे काम करून घ्यावे. दोन पैसे जातील, गिऱ्हाईक टिकेल.

उष्णतेचाही परिणाम असतो. इंधन तापले की फुगते. दहा अंशांच्या फरकाने पेट्रोल सुमारे एक टक्का फुगते, डिझेल त्याहून थोडे कमी. तापलेले लिटर आणि थंड लिटर यांत वजनाने इतकाच फरक, पण तो असतो.

पेट्रोल गाड्यांबाबत हल्ली २० टक्के इथेनॉलची चर्चा फार आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज उतरणे स्वाभाविक आहे. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली होती, तर अशा इंधनासाठी जुळविलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के. ही घट मात्र काचेवरचा आकडा बहुतांशी दाखवितो, कारण कमी ऊर्जेचे इंधन मिळाले की कंट्रोलर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि ते त्याच्या वहीत चढते.

परदेशात काय आढळले

अमेरिकेत ट्रिपल-ए नावाची वाहनधारकांची जुनी संस्था आहे. तिने काही वर्षांपूर्वी निरनिराळ्या गाड्या प्रयोगशाळेत रोलरवर चालवून काचेवरचा आकडा आणि खरा खप यांची तुलना केली. सरासरी चूक २.३ टक्के निघाली, म्हणजे फार वाईट नाही. परंतु एका गाडीने खऱ्यापेक्षा ६.४ टक्के जास्त ॲव्हरेज दाखविले, तर दुसरीने उलट कमी दाखविले. व्यापाऱ्याला उपयोगी पडणारी गोष्ट या दुसऱ्या वाक्यात आहे. सरासरीने तुमच्या गाडीबद्दल काही कळत नाही. तुमची गाडी कुठे बसते हे तुम्हालाच तपासावे लागेल.

युरोपीय संघाने तर याचा कायदाच केला. २०२१ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत इंधनाचा खप नोंदविणारी यंत्रणा सक्तीची झाली, आणि तिची चूक ५ टक्क्यांच्या आत असावी असे ठरले. कडक कायदा करणाऱ्यांनीही पाच टक्के सोडून दिले, हे लक्षात घ्यावे. या यंत्रणेमुळे पुढे एक वेगळीच गोष्ट उजेडात आली. २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांची माहिती गोळा करून युरोपीय आयोगाने २०२४ साली अहवाल दिला, त्यात पेट्रोल व डिझेल मोटारींचा रस्त्यावरचा खप कंपनीच्या प्रमाणपत्रापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त निघाला.

आपल्याकडे प्रमाणपत्राचा आकडा म्हटला की पुण्याच्या एआरएआयचे नाव येते. १९६६ साली स्थापन झालेली ही संस्था. शोरूममधला विक्रेता ज्या आकड्याची बढाई मारतो तो अशाच चाचणीतला असतो. आपल्या देशात मोटारींसाठी दीर्घकाळ वापरली गेलेली ही चाचणी वीस मिनिटांच्याही आत संपते. गाडी रोलरवर उभी असते, वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, चढ नाही, खड्डा नाही. आणि गंमत म्हणजे तेथेही टाकीतले इंधन मापीत नाहीत. धुरात निघणारा कार्बन मोजून त्यावरून किती इंधन जळले ते काढतात. प्रयोगशाळेपुरती ही पद्धत अगदी बरोबर आहे. ज्याला दोन गाड्यांची आपसात तुलना करायची आहे त्याने तो आकडा जरूर पाहावा. ज्याला भाडे ठरवायचे आहे त्याने पाहू नये.

तर आता आपल्यापुढे तीन आकडे झाले: प्रमाणपत्राचा, काचेवरचा आणि पंपाच्या पावत्यांवरून निघणारा. धंद्याच्या वहीत तिसराच चालतो, कारण पैसे त्याचे द्यावे लागतात.

टाकी ते टाकी, पण नीट

टाकी फुल्ल करायची, गाडी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची, किलोमीटरला लिटरने भागायचे. ही पद्धत सर्वांना माहीत आहे आणि बहुतेकजण ती चुकीच्या रीतीने वापरतात. चूक होते ती एकाच खेपेवर निकाल देण्यात. पंपाचे नोझल 'ऑटो कट' झाले म्हणजे टाकी प्रत्येक वेळी एकाच पातळीला आली असे नव्हे. गाडी जरा कलती उभी असली, फेस जास्त झाला, नोझल कमीजास्त आत गेले, की एक लिटरपर्यंत फरक सहज पडतो. आठ लिटर भरून हिशोब केला तर हा एक लिटर म्हणजे बारा टक्क्यांहून जास्त चूक. दीडशे लिटरवर हिशोब केला तर तोच एक लिटर पाऊण टक्काही भरत नाही.

म्हणून चार-पाच भरण्यांची मिळून एकच बेरीज करावी. यात सोय अशी की फक्त पहिली आणि शेवटची भरणी फुल्ल हवी. मधल्या वेळी हजाराचे टाका, दोन हजारांचे टाका, पावती जपून ठेवा म्हणजे झाले. पहिली आणि शेवटची भरणी मात्र त्याच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी त्याच दिशेला उभी करून, शक्यतो सकाळी करावी. पहिल्या भरणीलाच काचेवरचा ट्रिप शून्य करावा आणि शेवटपर्यंत त्याला कोणी हात लावू नये. काही गाड्यांत इंधन भरले की आकडा आपोआप शून्य होतो, तर काहींत मागील काही अंतराचेच ॲव्हरेज दाखविले जाते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत हे लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेक गाड्यांच्या खणात प्लॅस्टिकसकट पडून असते.

एक उदाहरण घेऊ. समजा एका पिकअपचे पाच भरण्यांचे मिळून २,१४० किलोमीटर झाले आणि डिझेल गेले १५८.५ लिटर. भागाकार १३.५ येतो. काचेवर त्याच काळाचे ॲव्हरेज १४.२ आहे. म्हणजे काच खऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के जास्त सांगते. अशी गाडी महिन्याला ४,००० किलोमीटर चालत असेल तर काचेच्या हिशोबाने २८१.७ लिटर लागावे, प्रत्यक्ष लागतात २९६.३. फरक १४.६ लिटरचा. लिटरला ९० रुपये धरले तर महिन्याला १,३०० रुपयांच्या वर आणि वर्षाला पावणेसोळा हजारांच्या घरात. मालकाला वाटते ड्रायव्हरने महिन्याला पंधरा लिटर पळविले. ड्रायव्हरने थेंबही घेतलेला नसतो.

हा ५ टक्क्यांचा फरक एकदा निघाला की तो त्या गाडीचा ठरलेला घाटा समजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. दर महिन्याला फरक पाचच्या आसपास राहिला तर चिंता नाही. पाचाचा एकदम दहा झाला तर मात्र शोध घ्यावा, आणि तोही ड्रायव्हरपासून सुरू करू नये. आधी गळती, मग इंजेक्टर, मग पंप. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मोटारींत तपासणीच्या गुप्त मेनूत जाऊन असा घाटा आकड्यातच दुरुस्त करून ठेवण्याची सोय होती. आपल्या पिकअपला वहीचे पान पुरते.

अंतराची बाजू

वर आम्ही २,१४० किलोमीटर हे गाडीच्याच मीटरवरून घेतले. ते बरोबर आहेत कशावरून? मीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल धरली आणि ती झिजून १.६ वर आली, तर चाकाची त्रिज्या साडेसहा मिलिमीटरच्या जवळपास घटते. ३० सेंटिमीटरच्या त्रिज्येवर हा दोन टक्क्यांहून किंचित जास्त फरक झाला. लहान चाक तेवढ्याच रस्त्यावर जास्त फेऱ्या मारते, म्हणून मीटर जास्त किलोमीटर दाखवितो. नव्या टायरवर मीटर बरोबर असेल, तर गुळगुळीत टायरवर दाखविलेले २,१४० हे रस्त्यावर २,०९५ च असतील, आणि १३.५ चे ॲव्हरेज खरे पाहता १३.२ होईल.

ही चूक टाकी ते टाकीच्या हिशोबात सापडत नाही, कारण काच आणि तुम्ही दोघेही तेच किलोमीटर वापरता. ती पकडायची असेल तर महामार्गावरील किलोमीटरचे दगड मोजत वीस-पंचवीस किलोमीटर जावे, किंवा मोबाईलच्या नकाशावर अंतर नोंदवावे. मुंबई-गोवा महामार्गावर चौपदरीकरणात जेथे वळणे काढून रस्ता सरळ केला आहे, तो तुकडा यासाठी घेऊ नये. टायर बदलताना वेगळ्या मापाचे बसविले असतील तर ही तपासणी चुकवू नये. मीटरच्या वेगाचा काटा खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवितो, तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. त्यावरून किलोमीटरही तेवढेच फुगलेले असतील असा निष्कर्ष काढू नये.

घाटातला सापळा

राजापूरच्या व्यापाराचा घाटाशी जुना संबंध आहे. सतराव्या शतकात जैतापूरच्या खाडीतून गलबते वर येत आणि माल बैलांवर लादून अणुस्कुऱ्याने देशावर जाई. त्या बैलांचे ॲव्हरेज चाऱ्याच्या पेंढ्यांत मोजत असतील. आज ओणी, रायपाटण, पाचल करीत तोच घाट पिकअप चढते.

येथे काच चुकत नाही, तिला वाचणारा चुकतो. समजा चढाच्या २० किलोमीटरला भरल्या गाडीने लिटरला ८ दिले आणि उतरताना रिकाम्या गाडीने २० दिले. आठ अधिक वीस, भागिले दोन, चौदा, असे तोंडी गणित पटकन होते. ते चूक आहे. चढाला अडीच लिटर लागले, उताराला एक. चाळीस किलोमीटरला साडेतीन लिटर, म्हणजे ॲव्हरेज ११.४. चौदावर भाडे ठरविणाऱ्याने ४० किलोमीटरला २.८६ लिटर धरले आणि प्रत्येक खेपेला अर्ध्या लिटरहून जास्त डिझेल खिशातून घातले. जाताना भरलेली आणि येताना रिकामी, हा तर आपल्या धंद्याचा नित्याचा प्रकार. आंब्याच्या हंगामात वाशीला पेट्या पोहोचविणाऱ्या गाडीलाही हेच लागू. दोन आकड्यांची मधली संख्या काढू नये. लिटर वेगळे, किलोमीटर वेगळे, दोन्हींच्या बेरजा कराव्यात आणि मग एकदाच भागावे.

उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंदच होतात, तेव्हा काच ९९.९ किंवा नुसत्या रेघा दाखविते. हे पाहून कोणी गाडी न्यूट्रलला टाकून घाट उतरू नये. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला उलट डिझेल लागते, आणि ब्रेकची काय गत होते ते घाटात राहणाऱ्यांना सांगायची गरज नाही. त्याचप्रमाणे "अजून इतके किलोमीटर जाईल" हा आकडा मागच्या काही अंतरावरून बांधलेला असतो. सपाटीवर १२० दाखविणारी काच चढ लागताच ७० वर येते. रात्री घाट चढण्यापूर्वी त्याच्या भरवशावर राहू नये.

जेटीवर मासळीची वाट पाहत इंजिन चालू ठेवले तर किलोमीटर शून्य आणि डिझेल चालूच. तासाला अर्धा ते एक लिटर असेच जाते. ॲव्हरेज घसरलेले दिसले तर ड्रायव्हरला आधी विचारावे, गाडी उभी किती वेळ होती.

मोबाईलवर कंपनीच्या ॲपमध्ये येणारे ॲव्हरेज हे दुसरे मत नव्हे. ते त्याच कंट्रोलरकडून आलेले असते, म्हणून दोन्ही जुळले तर त्यात नवल नाही. बाजारात मिळणारे स्वस्त प्लग, जे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये खोचतात, त्यांपैकी बरेच आत जाणाऱ्या हवेवरून इंधनाचा अंदाज बांधतात. पेट्रोलला ते कसेबसे चालते, डिझेलला मुळीच नाही, कारण डिझेल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठरलेले नसते. बाहेरून सीएनजी कीट बसविलेल्या गाडीत गॅसवर चालताना काचेवर दिसणारा पेट्रोलचा आकडाही सोडून द्यावा. गॅसचा हिशोब किलोत, पावतीवरूनच करावा.

राहता राहिला पंप. मुंबईच्या रिक्षा-टॅक्सीच्या मीटरवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, पंपाच्या यंत्रावर असतो, दुकानाच्या काट्यावर असतो. डॅशबोर्डच्या आकड्यावर असा शिक्का नसतो. त्यामुळे काचेवर कमी खप दिसतो एवढ्यावर पंपवाल्याशी भांडण काढता येणार नाही. पण पंपांत लबाडी होतच नाही असेही नव्हे. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे घालून मापात फेरफार करणारी यंत्रे पकडली होती. शंका असेल तर प्रत्येक पंपावर ठेवलेले पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागावे. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. माप समतल जागी ठेवून पाच लिटर भरायला सांगावे आणि मानेवरची खूण पाहावी. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त तूट दिसली तर पावती, तारीख, वेळ आणि नोझलचा क्रमांक लिहून घेऊन जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी.